‘तीच ना तू?’ असं विचारणाऱ्यांना काय सांगू?

ताई, मी २३ वर्षांची आहे. पाचव्या वर्षापासून शास्त्रीय संगीतातला ख्याल शिकतेय. नवव्या वर्षी स्टेजवर गायले, ते रेकॉर्डिंग खूप पसरलं आणि पुढची चार-पाच वर्षं मी सगळ्यांची ‘फ्रॉकातली छोटी’ होते. चौदाव्या वर्षी आवाज बदलला, कार्यक्रम थांबले, शिकणं चालू राहिलं. आता एका कंपनीने पॉप अल्बम देऊ केलाय आणि सोबत टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन. मला ते करायचं आहे. बाबा म्हणतात, ‘अठरा वर्षांची तपश्चर्या पाण्यात घालतेस.’ गुरुजींना फोनवर सांगितलं, तर ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. तीन आठवडे झाले, शिकायला गेलेले नाही. लोक अजून भेटले की विचारतात, ‘तीच ना तू?’ मी हो म्हणते आणि घरी येऊन रडते. मी विश्वासघात करतेय का?
– तीच

प्रिय मुली,

विश्वासघाताचं तू शेवटी विचारलंस, पण रडू येतं ते ‘तीच ना तू?’ ऐकल्यावर. म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

नऊ वर्षांची मुलगी विलंबित एकतालात बंदिश मांडते, तान घेऊन अचूक समेवर येते, तेव्हा सभागृहात जी टाळी पडते तिच्यातली निम्मी तिच्या वयाला असते. मी अशा कार्यक्रमांना गेले आहे, पुढच्या रांगेत बसून डोळे पुसले आहेत. त्यातली एखादी मुलगी पंधरा-सोळाची झाल्यावर कुठे गेली, हे मात्र मी कधी विचारलं नाही. याची मला आज खंत वाटते. आम्ही श्रोते त्या वयाच्या प्रेमात पडतो आणि वय तर दर वाढदिवसाला पुढे सरकतं.

बाबांनाही हे वाचून दाखव: तू ख्यालच गात राहिलीस तरी ते कौतुक परत येणार नाही. त्या जगात २३ म्हणजे कोवळं वय. तिथे आता तुला चाळीस-चाळीस वर्षं गायलेल्यांच्या शेजारी ठेवून ऐकतील, आणि तसंच ऐकायला हवं. पॉपमध्येही तू नवखीच असशील. म्हणजे दोन्हीकडे पाटी कोरी आहे. बाबा जे वाचवायला बघतायत ते चौदाव्या वर्षीच गेलं, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती.

ते आवाजाचं कुणी तुला नीट समजावलं होतं का गं? मुलाचा आवाज फुटतो तेव्हा तो साधारण सप्तकभर खाली येतो, म्हणून सगळ्यांना कळतो. मुलीचा दोन-तीन स्वरांनीच उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखा ऐकू येतो. काळी पाचमध्ये गाणारी मुलगी त्याखालच्या पट्टीत, पांढरी पाचवर आली, तार सप्तकात गळा अडकायला लागला, की घरचे म्हणतात रियाज कमी पडतोय. रियाजाचा त्याच्याशी संबंध नसतो, तेव्हा शरीरच बदलत असतं. त्या दिवसांत तू स्वतःला बोल लावला असशील तर तो आता मागे घे.

कुमार गंधर्व दहा-अकराव्या वर्षी गाजले ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून. एवढं नाव झाल्यावर ते देवधर मास्तरांकडे शिकायला बसले. मग क्षयाने गाठलं, काही वर्षं गाणंच बंद झालं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गायला लागले तेव्हाचं गाणं कुणासारखंच नव्हतं, आणि त्यावर कितीतरी जाणकार नाराज झाले. त्यांनी पॉप गायलं नाही, हे बाबा लगेच सांगतील, आणि ते खरंच आहे. पण लोकांना आवडलेला मुलगा त्यांनाही मागे सोडावा लागला.

तू निघाली आहेस त्या वाटेवरून चालून गेलेली एक बाई आहे, वेल्सची शार्लट चर्च. १९९८ मध्ये, बारा वर्षांची असताना, तिचा पहिला अल्बम आला. त्या देवदूतासारख्या आवाजाला जगभर श्रोते मिळाले. २००५ मध्ये ती पॉपकडे वळली. २००६ ते २००८ ब्रिटनमध्ये टीव्हीवर तिच्या स्वतःच्या नावाचा कार्यक्रम होता. पॉप गायल्याने तिचा गळा बिघडला नाही. तिला त्रास झाला तो वेगळाच. २०११ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगापुढे तिने साक्ष दिली. किशोरवयापासून आपल्या आणि आपल्या घरच्यांच्या खासगी आयुष्यात कसं घुसलं गेलं, ते तिने तिथे सांगितलं. २०१३ मध्ये बीबीसीच्या एका व्याख्यानात ती म्हणाली, की १९-२० वर्षांची असताना व्हिडिओंमध्ये अधिकाधिक उघडे कपडे घालण्यासाठी तिच्यावर दबाव येत होता, आणि ते ठरवणारे बहुतेक मध्यमवयीन पुरुष होते.

हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. लहानपणी निरागस म्हणून विकलेल्या मुलीला मोठेपणी ‘आता ती लहान राहिली नाही’ असं म्हणून विकायचा मोह या धंद्यात फार असतो. फ्रॉक आधीही तू निवडला नव्हतास. आताचे कपडे तरी तू निवड, आणि हे करारात लिहून घे.

तो करार सही करण्याआधी कंपनीशी काहीही संबंध नसलेल्या वकिलाला दाखव. बाबांचे मित्र म्हणून कुणीतरी फुकट बघून देणारे नकोत, या कामातला वकील हवा, आणि त्याची फी तू स्वतः दे. त्याला विचार, किती वर्षं बांधून घेतायत आणि ती वर्षं कधीपासून मोजणार. खासगी मैफल, गुरूंच्या कार्यक्रमातली साथ, शास्त्रीय ध्वनिमुद्रण यांना कंपनीची परवानगी लागणार असेल तर ते कलम काढायला लाव. तेवढ्यासाठी अडून बसलीस तरी चालेल. लहानपणचं ते रेकॉर्डिंग प्रोमोत वापरायचं की नाही, हाही निर्णय तुझा. माझं विचारशील तर वापरू देऊ नकोस, निदान पहिल्या वर्षी तरी. नाहीतर ‘तीच ना तू?’ हा प्रश्न तू स्वतःच छापून वाटलास असं होईल.

गाण्याबद्दल थोडंसं. पॉप सोपं असेल अशा समजुतीने स्टुडिओत जाऊ नकोस. तंबोऱ्यावर जुळलेला तुझा गंधार कीबोर्डच्या गंधाराशी भांडेल. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर गाताना लयीशी खेळायला जागा उरणार नाही. स्वरांमधली मींड आणि आंदोलनं सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटोट्यून सरळ करून टाकेल आणि ती तुझीच चूक होती असं तुला वाटेल. शब्द माईकजवळ, बोलल्यासारखा ठेवायचा असतो. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय मोडावी लागेल. हे शिकवणारं माणूस शोध आणि त्यालाही गुरूच मान. सूत्रसंचालनाकडे मात्र जास्त लक्ष दे. गाण्याने दमत नाही इतका गळा तासन् तास मोठ्याने, हसतखेळत बोलण्याने दमतो. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ठेवायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत सांग.

तुझ्या पत्रात चार शब्दांचं एक वाक्य आहे, ‘मला ते करायचं आहे.’ त्याला कारण जोडलेलं नाही, आणि मला ते फार आवडलं. फक्त एक तपासून बघ. उद्या बाबा म्हणाले, ‘जा बाळा, खुशाल कर,’ तर ओढ एवढीच राहते का? राहिली तर ती गाण्याची आहे. कमी झाली, तर तुला हवंय ते बाबांपासून थोडं अंतर. त्यासाठी अल्बम करायची गरज नाही, एक स्वतंत्र खोली पुरते.

बाबांवर रागावू नकोस एवढंच म्हणेन. अठरा वर्षं तुला शिकायला नेणं-आणणं, कार्यक्रमांच्या तारखा ठरवणं, तंबोरा जपून गाडीत ठेवणं हे त्यांनीही केलं. ‘तपश्चर्या’ म्हणताना त्यांना स्वतःचीही आठवत असणार. पॉपच्या जगात त्यांना काही काम उरत नाही, ही भीती त्यांना बोलून दाखवता येत नाहीये. त्यांना काम दे. वकिलाकडे सोबत ने. मॅनेजर मात्र करू नकोस. वडिलांशी पैशांवरून वाद घालायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

आता गुरुजी. फोनवर सांगायला नको होतंस, हे मी स्पष्टच सांगते. अठरा वर्षं समोर बसून शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट समोर बसून ऐकण्याचा हक्क होता. त्यांच्या ‘बरं’चा अर्थ तू तीन आठवडे लावत बसली आहेस. ते रागावले असतील, दुखावले असतील, किंवा फोनवर काय बोलावं ते त्यांना सुचलं नसेल. विश्वासघात म्हणावा असं काही या सगळ्यात असेल तर ते हे न जाणं आहे, आणि ते उद्या सकाळी दुरुस्त होईल. प्रोमो येण्याआधी जा. कारणं सांगत बसू नकोस, परवानगीही मागू नकोस. ‘मी हे करणार आहे, आणि मला तुमच्याकडे शिकायला यायचं आहे,’ एवढंच म्हण. ते नको म्हणू शकतात. त्यांना तेवढी मोकळीक असू दे.

आणि लोक विचारतील तेव्हा म्हण, ‘हो, लहानपणी गायचे ती मीच. आता काय गाते ते ऐकाल का?’ एलेड जोन्स नावाचा एक गायक आहे, तोही वेल्सचाच. १९८५ मध्ये तो बालगायक म्हणून ब्रिटनभर गाजला, सोळाव्या वर्षी आवाज फुटला आणि ते सगळं थांबलं. पुढे तो टीव्ही-रेडिओवरचा निवेदक झाला, मोठ्या माणसाच्या आवाजात गायलाही. २०१६ मध्ये त्याने स्वतःच्या लहानपणच्या मुद्रित आवाजासोबत गायलेल्या गाण्यांचा एक अल्बम काढला. एवढी वर्षं गेल्यावर त्याला त्या मुलाशेजारी बसून गाता आलं. तुला आज ते रेकॉर्डिंग ऐकवत नसेल तर ऐकू नकोस. बंद करून ठेव, पुसू मात्र नकोस.

गुरुजींकडे पोचल्यावर पहिल्यांदा तंबोरा लावायला घे. तो जुळेपर्यंत दोघांनाही काही बोलावं लागत नाही.

तुझी,
ताई