दुसऱ्या फ्लॅटची घाई आणि मामांचा सल्ला

‘आत्ता घेतलं नाही, तर पुण्यात पुन्हा कधी घेता येईल का?’ हा प्रश्न आर्थिक समुपदेशनासाठी येणाऱ्या तिशीतल्या जोडप्यांकडून मी सतत ऐकतो. त्यांपैकी एका जोडप्याचा अनुभव, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

पती हिंजवडीत संगणक अभियंता, पत्नी कंत्राटी शिक्षिका; दोघांचे मिळून हाती येणारे उत्पन्न दरमहा १ लाख ४० हजार आणि राहत्या घराचा हप्ता ३५ हजार. वाघोलीत बांधकाम सुरू असलेल्या एका प्रकल्पातील ६० लाखांचा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घ्यावा, असा पतीचा आग्रह होता, कारण विक्री प्रतिनिधीने ‘हा भाव रविवारपर्यंतच’ असे सांगितले होते आणि वाकडमध्ये फार पूर्वी जागा घेऊन ठेवलेले त्याचे मामा ‘जागेत पैसा कधी बुडत नाही’ असे प्रत्येक कौटुंबिक समारंभात सांगत आले होते.

पहिल्या भेटीत आम्ही फक्त आकडे मांडले. ८० टक्के कर्ज मिळाले तरी १२ लाख खिशातून, त्याशिवाय पूर्ण किमतीवर ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि ५ टक्के जीएसटीचे ३ लाख, म्हणजे साडेएकोणीस लाख रोख. ४८ लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे ४१ हजार ६००. भाडे फार तर १८ हजार येईल, असा त्यांचाच अंदाज होता आणि तेही ताबा मिळाल्यानंतर. पत्नी इतका वेळ गप्प होती, तिने एवढेच विचारले, “माझं कंत्राट वाढलं नाही तर?”

आकडे पटूनही पतीची घालमेल थांबली नाही. त्याची भीती हिशेबाची नव्हतीच; मामांचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना आपण मागे पडत आहोत, ही होती. म्हणून पुढच्या भेटीला मामांनाच बोलवावे, असे मी सुचवले.

मामा मोकळेपणाने बोलले. वाकडची जागा त्यांनी घेतली तेव्हा त्यांच्यावर एक रुपयाचेही कर्ज नव्हते, बँकेतली नोकरी कायम होती आणि राहायला वडिलोपार्जित घर होते. त्यामुळे वर्षानुवर्षे भाव हलला नाही तरी विकण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मी विचारले, “याखेरीज आणखी कुठे गुंतवणूक केली होती का?” तेव्हा शिक्रापूरजवळच्या २ गुंठ्यांची गोष्ट बाहेर आली. सातबाऱ्यावर नावे सामाईक, सहहिस्सेदार सही करायला तयार नाहीत आणि शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यास मनाई करणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या तुकड्याची स्वतंत्र नोंद अडलेली. “मामा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत,” भाचा म्हणाला. लग्नाच्या पंगतीत अडकलेल्या प्लॉटची गोष्ट कोणी काढत नाही, हे मात्र मी इतर घरांतही पाहिले आहे. अनुभवी माणसाला आपण ‘किती पटीने वाढले’ हे विचारतो. ‘घेतले तेव्हा तुमच्याजवळ काय होते आणि कोणता व्यवहार फसला’ हे विचारायचे राहून जाते.

रविवारच्या मुदतीबाबत मी दोनच गोष्टी सांगितल्या: महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण, याच्याकडील प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घेऊन त्याच्या संकेतस्थळावर मंजूर आराखडे, ताब्याची तारीख आणि न्यायालयीन दावे पाहावेत, आणि २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. या प्रकल्पाची ताब्याची तारीख आधीच एकदा पुढे ढकललेली असल्याचे पत्नीने स्वतः शोधून काढले.

त्यांनी बुकिंग केले नाही. त्याऐवजी वर्षभर दरमहा ४१ हजार ६०० रुपये वेगळ्या खात्यात टाकून हा भार पेलतो का, ते पाहायचे ठरले. तिसऱ्याच महिन्यात मुलीची शाळेची फी आणि गाडीचा विमा एकत्र आल्याने निम्मीच रक्कम भरता आली. सध्या मामा-भाचे सुट्टीच्या दिवशी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळालेले, आकाराने लहान असे पुनर्विक्रीचे फ्लॅट पाहत फिरतात. त्यांवर जीएसटी लागत नाही आणि भाडेही लगेच सुरू होऊ शकते.