शर्यतीआधीची सुई

प्रिय डॉक्टर,

बैलगाडी शर्यतीच्या आदल्या रात्री गाडीमालक दारात येऊन ‘बैल जरा मोकळा करून द्या’, म्हणजे सुई टोचून पळता करा, म्हणतात, तेव्हा काय करावे, असे तू विचारले आहेस. चिकोडी-निपाणी भागात दवाखाना थाटल्यावर हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्यापुढे असाच एक खिल्लार आला. उजवा पुढचा पाय तो टेकवत होता, पण त्यावर भार टाकत नव्हता. खुरावरच्या सांध्याला हात लावला की ऊब लागे आणि बैल पाय ओढून घेई. मी वेदनाशामक टोचले, आठ दिवस विश्रांती सांगितली, आणि उद्या शर्यत आहे का, हे विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच पायाचे नळीचे हाड मोडले. लंगडणे हीच त्या पायाची वेसण होती आणि ती मीच काढून घेतली होती.

सुई उत्तेजकाची असली, तरी तिने दम वाढत नाही, फक्त दमल्याची जाणीव दबते; बैलाला घोड्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता तशीच साचत जाते. बांबूच्या नळ्याने दारू पाजताना ठसका लागला, तर ती फुप्फुसात उतरते, हे तुला मी सांगायला नको.

आपल्या संकेश्वरी मिरचीला जे तिखट बनवते, ते स्पर्धेत निषिद्ध असलेले कॅप्सेसिन घोड्याच्या नमुन्यात सापडल्यामुळे २००८ च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या संघाला अडथळा-उडीतले कांस्यपदक गमवावे लागले. आपल्या माळावर तसे नमुने सहसा कोणी घेत नाही, म्हणून तर मालक निर्धास्तपणे तुझ्याकडे येतो.

सर्वोच्च न्यायालयाची शर्यतींवरची २०१४ ची बंदी, शर्यतींना वाट देणारी कर्नाटकाची २०१७ ची कायदादुरुस्ती आणि ती ग्राह्य धरणारा त्याच न्यायालयाच्या घटनापीठाचा मे २०२३ चा निकाल, हे सारे तो तुला ऐकवेल. मात्र परवानगी शर्यतीला मिळाली आहे, सुईला नाही. जनावराला जाणूनबुजून अपायकारक औषध देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाच आहे. त्या कलमातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे (एवढ्यात बैलाच्या गळ्यातला गोंडाही येत नाही), तेव्हा दंडाचा धाक घालण्यात अर्थ नाही.

मैदानावर वादही घालू नकोस, कारण चार लोकांसमोर तो माघार घेणार नाही. रात्रीच त्याच्या गोठ्यात जा, बैल चालवून बघ आणि लंगडत असेल तर उद्या जुंपू नका, असे स्पष्ट सांग. उपचार करावाच लागला, तर औषध, मात्रा, वेळ आणि किती दिवस जुंपायचे नाही, हे कागदावर लिहून त्याची सही घे. मालक कन्नड असेल तर कन्नडमध्ये लिही. शर्यत कधी आहे, हे सही करताना बहुतेक जण खरे सांगतात. कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात दुसरा डॉक्टर बघतो, असे कोणी म्हणाला, तर म्हणू दे.

त्या खिल्लाराचा मालक पुढे वीस वर्षे म्हशी घेऊन माझ्याकडेच येत राहिला. शर्यतीचा बैल मात्र त्याने मला पुन्हा कधी दाखवला नाही.

तुझा,
जुना डॉक्टर