'ऑल माय सन्स' बसवताना जो केलर खलनायक वाटू नये म्हणून काय करावं?

तुमची अडचण अशी दिसते: आर्थर मिलरचं हे १९४७ चं नाटक बसवताय, पण तालमीत जो केलर पहिल्या अंकापासूनच लबाड वाटतो. मग "घरच्यांसाठी केलं" हे त्याचं म्हणणं प्रेक्षकाला पटायला हवं की नको?

पटायलाच हवं. ते पटलं नाही, तर तिसऱ्या अंकात एक चोर पकडला जातो, एवढंच उरतं. जोचं घरावरचं प्रेम खरं आहे. तो चुकतो 'आपलं' या शब्दाची हद्द आखण्यात. ती त्याच्या अंगणाच्या कुंपणाशी संपते.

आधी गुन्ह्याचा तपशील सगळ्या नटांना तोंडपाठ हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जोच्या कारखान्यातून विमानाच्या इंजिनांची तडे गेलेली सिलिंडर हेड निघाली. भागीदार स्टीव्ह डीव्हरनं घाबरून फोन केला. जोनं फोनवरच सांगितलं, तडे वेल्डिंगनं झाक आणि माल पाठव, जबाबदारी माझी. स्वतः मात्र फ्लू झाल्याचं सांगून घरीच राहिला. पुढं २१ विमानं कोसळली. फोनवरचं बोलणं कोर्टात सिद्ध करता येत नाही. जो अपिलात सुटला, स्टीव्ह आत राहिला.

हाच फ्लू दुसऱ्या अंकात नाटक उलटवतो, आणि बहुतेक प्रयोगांत ही जागा वाया जाते. स्टीव्हचा मुलगा जॉर्ज भांडायला आलेला असतो, पण जोच्या बायकोच्या, केटच्या मायेनं, द्राक्षाच्या रसानं, जुन्या आठवणींनी तो निवळत जातो. जो म्हणतो, आजारी पडायला मला वेळ कुठाय. केट सहज भर घालते, पंधरा वर्षांत यानं अंथरूण धरलेलं नाही. जो घाईघाईनं दुरुस्ती करतो: युद्धातला तो फ्लू सोडून. नटी केटचं वाक्य 'महत्त्वाचं' म्हणून सावकाश बोलली की गेलं सगळं. ते नवऱ्याचं कौतुक आहे, त्याच सुरात यायला हवं. थांबायचं ते तिच्या वाक्यानंतर नाही, जोच्या दुरुस्तीनंतर. प्रेक्षकाला जॉर्जच्या अर्धा क्षण आधी उमजलं पाहिजे.

जोच्या नटाला पहिल्या अंकात एक मोठी जागा आहे: कोर्टाचा कागद खिशात घालून गल्लीतून ताठ चालत आल्याची आणि चौदा महिन्यांत कारखाना पुन्हा उभा केल्याची हकिकत. इथं डोळे चोरायचे नाहीत. तो हे मनापासून, फुशारकीनं सांगतो. दुसऱ्या अंकात डीव्हरला सुटल्यावर नोकरी देऊ, असंही म्हणतो. त्यात भीती आहेच, पण दिलदारपणाही खोटा नाही. दोन्ही एकदम दिसू द्या.

जोच्या मुलाला, ख्रिसला संत करू नका. बापावर आपला संशय होता आणि आपण काहीच केलं नाही, हे तो पुढं स्वतःच कबूल करतो. म्हणून पहिल्या अंकात विषय निघाला की त्याचं उत्तर जरा जास्तच झटपट यावं. समोर अ‍ॅन आणि जॉर्ज ही स्टीव्हची मुलं आहेत, त्यांनी कमी दोषी बापाला वाऱ्यावर सोडलं. इकडे ख्रिस जास्त दोषी बापाची पूजा करतोय. माझ्या मते मिलरची खरी धार या जोडणीत आहे.

केटही वेडी नाही. युद्धात बेपत्ता झालेला धाकटा वैमानिक मुलगा लॅरी जिवंत आहे हा तिचा हिशेब आहे: तो गेला असेल तर त्याला बापानंच मारलं. जोचा बचाव असा की जी कोसळली ती पी-४० विमानं लॅरी कधी उडवतच नव्हता. अक्षरशः खरं! मग अ‍ॅनच्या हातातलं लॅरीचं पत्र येतं. बापाची बातमी वाचून लॅरी परत न येण्याच्या इराद्यानंच उडालेला असतो. कोर्टाला जे जमलं नाही ते घरातल्याच मुलानं केलं. पत्र वाचताना ख्रिसनं रडू नये, शब्द नीट पोचू द्यावेत. आणि बाप-मुलाच्या नात्याहून मोठं काही असेल तर डोक्यात गोळी घालून घेईन, हे जोचं त्याआधीचं वाक्य ओरडून टाकू नका, नाहीतर शेवट तिथंच फुटतो.

वेळ वाचवायला शेजारी कापायचा मोह होईल. फ्रँकची पत्रिका थोडी छाटा. पण सू अ‍ॅनला सांगते ना, की जो कसा सुटला हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि त्याच्या हुशारीला लोक मानतात, ते ठेवाच. तेच लोक त्याच्याशी पत्ते खेळायला येतात. ते काढलं तर अपराध एकाच घरात कोंडला जातो.

शेवटी जो स्वतःवर गोळी झाडतो, त्या आवाजानंतर केट ख्रिसला सांगते, हे अंगावर घेऊ नकोस, जग. ही क्षमा की पुन्हा एकदा झाकणं? मी असतो तर नटीला इथं वेगळा, उदात्त सूर लावू दिला नसता. पहिल्या अंकात शेजारच्या पोराचा, बर्टचा तुरुंगाचा खेळ बंद पाडताना ती ज्या आवाजात गप्प करते, तोच आवाज, फक्त थकलेला.