शिवणाच्या छोट्या खोलीत घडीचं टेबल करायचंय, भिंतीला ब्रॅकेट लावून चालेल का?

तुमची खोली ८ बाय १० ची, टेबल हवं चार फुटी, काम नसताना मिटणारं, आणि प्रश्न आहे भिंतीवरच्या फोल्डिंग ब्रॅकेटचा. लॅपटॉप किंवा चहाचे कप ठेवायला ते ब्रॅकेट उत्तम. कापड बेतायला नकोत. मी आधी तेच करून बसले होते, म्हणून सांगते.

आमच्या फ्लॅटच्या आतल्या भिंती हलक्या राखाडी ब्लॉकच्या. ड्रिल लावलं की पिठासारखा भुगा पडतो. सुताराने प्लास्टिकचे प्लग घालून दोन ब्रॅकेट बसवले आणि सात-आठ महिने सगळं झकास चाललं. मग एका दुपारी आईच्या जुन्या नऊवारीचे गोधडीसाठी चौकोन कापत होते. पट्टी सरकू नये म्हणून डावा हात पुढच्या कडेवर रेटला आणि एका ब्रॅकेटचे वरचे स्क्रू प्लगसकट बाहेर आले. कात्री पायावर पडली नाही एवढंच नशीब.

सुताराची चूक नव्हती, हिशेबच तसा आहे. कापताना आपण टेबलावर सहज २० किलो भार टाकतो, तोही पुढच्या कडेला, म्हणजे भिंतीपासून २४ इंचांवर. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंत अंतर जेमतेम ६ इंच. २० गुणिले २४ भागिले ६, म्हणजे वरच्या स्क्रूंना ८० किलोची ओढ. पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर एक वेळ निभावेल. तुमची भिंत बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर विषयच संपला.

दुसऱ्या वेळी मी भार जमिनीवर आणला. भिंतीशी फक्त ६ इंच खोलीचं, ३५ इंच उंचीचं एक अरुंद खोकं उभं केलं. त्याच्या माथ्यावरच्या पट्टीला पुढून २८ इंचांची फळी बिजागरीने जोडलेली. खोक्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून बिजागरीवर दारासारखं फिरणारं एकेक २१ इंच रुंद फाटक, हेच फळीचे पाय. फाटकं बाहेर उघडायची, फळी उचलून त्यांच्यावर टेकवायची, की ४८ बाय ३४ इंचांचं टेबल तयार. मिटवलं की फाटकं एकाशेजारी एक खोक्यात जातात आणि फळी पुढे लोंबते, जमिनीपासून सहा इंच वर, त्यामुळे फरशी पुसायला अडत नाही. भिंतीत दोनच स्क्रू, तेही खोकं पुढे कलंडू नये म्हणून. घर भाड्याचं असलं तरी मालक कुरकुरणार नाही.

लांबी ४८ इंच ठेवली, कारण सुती कापडाचा पन्हा बहुतेक वेळा ४४ इंच असतो. पूर्ण पन्हा पसरतो, शिवाय दोन्हीकडे दोन बोटं उरतात. उंची मात्र माझी घेऊ नका. उभं राहून हात कोपरात वाकवा आणि कोपराच्या चारेक इंच खाली खूण करा. मी ५ फूट २ इंच, म्हणून ३५. जेवणाच्या टेबलाच्या ३० इंचांवर तासभर कापलंत तर रात्री कंबर बोलेल.

१८ मिलिमीटरच्या ८ बाय ४ च्या एकाच प्लायमध्ये सगळं बसतं, पण आधी कागदावर काटछाट मांडून सुताराच्या हातात द्या. नाहीतर तो दुसरी शीट सांगणारच. साधी, म्हणजे आयएस ३०३ हा भारतीय मानकाचा शिक्का असलेली प्लाय पुरते. पावसाळ्यात तुमची भिंत ओल धरत असेल तर आयएस ७१० ची, म्हणजे ओल सोसणारी मरीन प्लाय घ्या. बाजूच्या फळ्यांखाली रबरी बूट हवेतच, नाहीतर रोजच्या पोछ्याने प्लायची कड फुगते.

बिजागरी पियानोची, म्हणजे सलग पट्टीची, पूर्ण चार फुटांची, आणि ती खालच्या अंगाने लावायची. वरून लावली तर फळी खाली पडणारच नाही. सुटे तीन कब्जेही चालतात, पण मधल्या फटीतून टाचण्या गळतात आणि मग अनवाणी पायालाच त्या सापडतात. फाटकांच्या खालच्या टोकाला फिरवून उंची जुळवता येईल असे बूट लावा, कारण आपल्याकडच्या फरश्या क्वचितच सपाट असतात. फळीखाली दोन छोट्या ठोकळ्या ठोका, म्हणजे फाटक बरोबर काटकोनात अडतं.

शिलाई मशीन यावर ठेवू नका, थरथरतं आणि टाके वाकडे पडतात. ते त्याच्या स्टँडवरच बरं. कात्र्या-पट्ट्याही फळीवर राहू देऊ नका. मिटवण्याआधी दहा वस्तू हलवाव्या लागल्या, तर चार दिवसांत ते टेबल मिटणं बंद होतं. माझं सामान खोक्यामागच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेलं असतं.

सनमायका दोन्ही बाजूंनी लावा, खालून स्वस्तातली चालेल. मी पैसे वाचवायला फक्त वरून लावली. पहिल्याच पावसाळ्यात खालची उघडी प्लाय ओल पिऊन फुगली आणि फळीला बाक आला. कामाला अडत नाही, पण काचेच्या डोक्याची टाचणी कुठेही ठेवा, घरंगळत मधोमध येऊन थांबते.