होम स्टेजिंगमध्ये करिअर करायचं तर कोर्स करावाच लागतो का?

डिग्री लागत नाही, पण शिकावं मात्र लागतं. आणि आधी एक गोष्ट पक्की करा: होम स्टेजिंग म्हणजे विकायचं घर खरेदीदाराला आवडेल असं मांडून देणं; हे इंटिरिअर डिझाइन नाही. तिथे राहणाऱ्याची आवड जपायची असते. इथे ती पुसायची असते, म्हणजे घर बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसतो. बार्ब श्वार्झ यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत हे काम सुरू केलं, तेव्हापासून गाभा हाच आहे.

छोटा ऑनलाइन कोर्स करा, पण रंगसंगतीवरच थांबणारा नको. दर कसा ठरवायचा, करारात काय लिहायचं, सामान भाड्याने कसं आणायचं हे शिकवतात का ते आधी विचारा. नवखे बहुतेक इथेच अडखळतात.

खरा हात बसतो तो सरावाने. आजच स्वतःच्या हॉलचा दारातून फोटो काढा. मग निम्मं सामान बाहेर काढा, सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर येऊ द्या, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर आणा, सगळे बल्ब एकाच छटेचे लावा. पुन्हा त्याच जागेवरून फोटो घ्या. अशा पाच-सहा जोड्या जमल्या की तुमचा पोर्टफोलिओ तयार. घरं विकून देणारा एजंट सर्टिफिकेटपेक्षा तोच आधी बघतो.

जमलं तर एखाद्या अनुभवी स्टेजरकडे काही महिने मदतनीस म्हणून राहा. सामान उचलावं लागेल, पडदे इस्त्री करावे लागतील, तरीही राहा. फर्निचर विकत घ्यायची घाई मात्र अजिबात करू नका. सुरुवातीला घरमालकाचंच सामान नव्याने मांडून द्या.