परभणीत नाटक करायचंय? मग आधी हे

संस्था निवडायची घाई करू नका, आधी तालमी बघा. हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवतात, कॉलेजची पोरं युवक महोत्सवाच्या एकांकिकेत गुंतलेली असतात, कुणी पथनाट्य करतं, कुणी बालनाट्य. संध्याकाळी जाऊन मागं बसा. संवाद चुकलेल्या नटाशी दिग्दर्शक कसा बोलतो, ते नीट ऐका. मला तरी संस्था तिथंच कळते.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- आल्या आल्या मोठी भूमिका मागणं.
- एकाच वेळी दोन संस्थांना शब्द देणं. तारखा भिडल्या की दोन्ही तालमी कोलमडतात.
- बोली लपवणं. आपलं 'करायलो, जायलो' बिनधास्त बोला. प्रमाण भाषा भूमिकेपुरती येतेच.

सुरुवात प्रॉम्प्टिंगनं करा, म्हणजे संहिता हातात धरून अडलेल्या नटाला पुढचा संवाद हळूच सांगायचा. नट कुठं थांबतो, कुठं अडतो, सगळं कानात बसतं. प्रकाशयोजना पुढच्या वर्षी बघू.