स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू का?

प्रश्न : वय 54, पुण्यातल्या एका निमसरकारी कार्यालयात शिपाई आहे. 2006 पासून एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या घेतो. आता खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद झालाय, तळपाय बधिर असतात. फायली घेऊन दोन मजले चढवत नाहीत. साहेब म्हणतात, ‘सगळे वैद्यकीय कागद आणा, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्या.’ एचआयव्हीचं ऑफिसात कुणाला माहीत नाही.
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : सही अजिबात करू नका. एकदा ‘स्वेच्छेने’ लिहून दिलं की बळजबरी झाली हे सिद्ध करता करता उरलेली नोकरी संपेल.

साहेबांना खुबा दिसू द्या, एचआयव्ही नाही. अपंगत्वांच्या सरकारी यादीत एचआयव्ही नाहीच. चालण्याफिरण्यातलं अपंगत्व आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20(4) सांगतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेनं काढायचं नाही, हुद्दाही उतरवायचा नाही. झेपेल ते काम त्याच पगारावर द्यायचं. जागा नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जादा पदावर ठेवायचं. शासनाच्या मालकीचं, नियंत्रणाखालचं किंवा अनुदानावरचं कार्यालय यात येतं. या कलमात किमान 40 टक्के अपंगत्वाची अटही लिहिलेली नाही. जुन्या कायद्याखाली, 2003 साली कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाय गमावलेल्या कॉन्स्टेबलला असंच संरक्षण दिलं होतं.

तरी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढाच. ससून रुग्णालयात तपासणीसाठी जाताना एमआरआय आणि हाडांच्या डॉक्टरांचे कागद न्या. डॉक्टरांनी विचारलं तर एचआयव्ही लपवू नका, गोपनीयतेचं बंधन त्यांच्यावर आहे. मात्र प्रमाणपत्रावर निदान छापलेलं असतं. ते खुब्यापुरतंच आहे ना, हे खिडकीवरच वाचून घ्या.

मग साधा अर्ज : ‘खुब्याच्या आजारामुळे जिना चढता येत नाही, तळमजल्यावर आवक-जावकला काम मिळावे.’ दोन प्रती, एकीवर शिक्का. तोंडी विनंतीला आपल्याकडे काडीची किंमत नाही.

तरीही ‘सगळे कागद’ मागितले, तर 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेला एचआयव्ही कायदा आहे. कलम 8 नुसार कोर्टाच्या आदेशाशिवाय तुमची स्थिती उघड करायला कुणी भाग पाडू शकत नाही. प्रकरण कोर्टात गेलंच, तर टोपणनावानं चालवण्याची विनंती करता येते.

पण एवढ्यात कोर्टाची पायरी नको (वकिलाला न शोभणारा सल्ला, पण खरा). आधी कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथं काही हललं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, चर्च रोडला. शिक्क्याची प्रत सोबत न्या.